कोरी चौकट आणि तिची कारणे : विभाजकयुक्त मजकूर-फायलींच्या वाचनपद्धतीची समीक्षा

गोषवारा

स्वल्पविरामाने किंवा अन्य चिन्हाने विभागलेली मजकूर-फाइल संगणकाच्या स्मृतीतील तक्त्यात उतरवणे ही क्रिया अभ्यासक्रमांत आणि शोधप्रबंधांत केवळ पूर्वतयारी मानली जाते. ही क्रिया मुळात अर्थनिर्णयाची आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. पांडाज व आर या प्रचलित साधनांचे गृहीत नियम, देवनार येथील संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील चिन्हव्यवस्था, महाविद्यालयीन गुणतक्ते आणि एक पाठ्यपुस्तक यांच्या आधारे असे दाखवले आहे की, माहिती नसण्याची भिन्न कारणे या वाचनात एकरूप होतात आणि त्यामुळे निष्कर्ष बदलतात. शेवटी काही व्यवहार्य सूचना केल्या आहेत.

बीजसंज्ञा : सीएसव्ही, तक्ता, गृहीत नियम, गहाळ मूल्य, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, संशोधन पद्धती

१. प्रास्ताविक

संशोधन कोणत्याही शाखेतील असो, आज त्याच्या आरंभी एक समान पायरी येते. अर्थशास्त्राचा अभ्यासक जनगणनेचे आकडे मिळवतो, वाणिज्याचा अभ्यासक व्यवहारांच्या नोंदी मिळवतो, भाषेचा अभ्यासक शब्दसूची सिद्ध करतो, तर अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक विद्यार्थ्यांच्या याद्या गोळा करतात. या सर्वांच्या हाती येते ती बहुधा साध्या मजकुराची फाइल. तिच्यातील प्रत्येक ओळ ही एक नोंद असते आणि नोंदीतील घटक स्वल्पविराम, टॅब किंवा उभी रेघ अशा एखाद्या चिन्हाने विभागलेले असतात. हे चिन्ह स्वल्पविराम असेल तर तिला सीएसव्ही फाइल म्हणतात. पायथन भाषेतील पांडाज हा आज्ञासंच किंवा आर ही सांख्यिकीची भाषा वापरून अशी फाइल एका ओळीच्या आज्ञेने तक्त्यात उतरवता येते.

ही आज्ञा इतकी सोपी आहे की तिच्याविषयी काही लिहावे असे कोणालाच वाटत नाही. शोधप्रबंधातील ‘संशोधन पद्धती’ या प्रकरणात नमुनानिवड, प्रश्नावली आणि सांख्यिकीय कसोट्या यांची सविस्तर चर्चा असते. फाइल कशी वाचली याविषयी मात्र क्वचितच एखादे वाक्य आढळते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप नेमका येथे आहे. मजकूर-फायलीत फक्त अक्षरे असतात. कोणते अक्षर अंक आहे, कोणते नाव आहे, कोणती जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे आणि कोणती अनवधानाने राहिली आहे, हे ती सांगत नाही. हे सर्व वाचणारी आज्ञा ठरवते आणि आपण काही सूचना दिल्या नाहीत तर ती स्वतःच्या गृहीत नियमांनी ठरवते. त्यामुळे तक्ता हा फायलीचा एक अर्थ ठरतो आणि प्रत्येक अर्थाप्रमाणे त्याचीही चिकित्सा व्हावयास हवी.

२. विभाजक चिन्ह आणि नोंदीची अखंडता

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. मोडी लिपीत शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जात. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघात नव्हता. शब्द कोठे तोडायचा हे वाचणाऱ्याला संदर्भावरून ठरवावे लागे आणि ते कौशल्य शिकावे लागे. विरामचिन्हे मराठीत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात; मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० मधील आहे. गद्यात वाचकाला श्वास घेण्यापुरता थांबा सुचवणाऱ्या स्वल्पविरामावर सीएसव्ही फायलीत फार मोठी जबाबदारी येऊन पडली आहे. नोंदीचे घटक कोठे संपतात हे आता तोच सांगतो.

अडचण अशी की, हेच चिन्ह मजकुराच्या आतही येते. ‘१,२५,०००’ ही रक्कम अवतरणचिन्हांविना लिहिली तर एका स्तंभाऐवजी तीन स्तंभ तयार होतात. पत्त्याचे तर विचारायलाच नको. आरएफसी ४१८० हे याविषयीचे टिपण याकोव्ह शाफ्रानोविच यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या घटकात स्वल्पविराम, अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असेल तो घटक दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. परंतु हे टिपण माहितीपर स्वरूपाचे आहे. आधीच अनेक दशके चालत आलेली वहिवाट त्याने नोंदवून ठेवली. ती पाळण्याचे बंधन कोणावरही नाही.

अवतरणचिन्हे नसलेल्या पत्त्याची ओळ समोर आली म्हणजे काय होते? शीर्षओळीत पाच स्तंभ असताना मध्येच एका ओळीत सात घटक आढळले तर पांडाजची आज्ञा थांबते आणि दोष दाखवते. येथवर तिचे वर्तन योग्य आहे. परंतु घाईत असलेला विद्यार्थी ‘सदोष ओळी वगळा’ हा पर्याय देतो. दोषसूचना नाहीशी होते आणि तिच्यासोबत ती नोंदही जाते. आर भाषेतील नेहमीची आज्ञा वेगळे काही करते. फायलीच्या पहिल्या पाच ओळी पाहून ती स्तंभांची संख्या निश्चित करते. पुढे एखाद्या ओळीत जास्त घटक आले तर उरलेले घटक ती नव्या ओळीत टाकते. म्हणजे पहिल्या साधनात एक व्यक्ती यादीतून गळते, तर दुसऱ्यात एका व्यक्तीच्या दोन होतात.

गळणारी नोंद कोणाची असते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. इमारतीचे नाव, सदनिका क्रमांक आणि रस्ता एवढ्यात ज्याचा पत्ता संपतो, त्याच्या ओळीत स्वल्पविराम कमी असतात. चाळीत किंवा वस्तीत राहणाऱ्याचा पत्ता वर्णनात्मक असतो : खोली क्रमांक, समिती, अमुक मंदिराच्या मागे, तमुक नळाजवळ. चेंबूर, गोवंडी आणि मानखुर्द हा सलग पट्टा ज्याने पाहिला आहे त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पत्ता जितका वर्णनात्मक तितके स्वल्पविराम अधिक आणि जितके स्वल्पविराम अधिक तितकी ओळ वगळली जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे सदोष ठरलेल्या ओळी यदृच्छेने विखुरलेल्या नसतात. शिष्यवृत्तीच्या किंवा सर्वेक्षणाच्या यादीतून ज्यांची नोंद सर्वांत आवश्यक आहे तेच आधी गळण्याचा संभव असतो.

नोंदी गळण्याचे एक सार्वजनिक उदाहरण सर्वज्ञात आहे. कोविड साथीच्या काळात, २०२० मध्ये, इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फायली एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील तक्त्यात उतरवल्या. त्या स्वरूपाची कमाल मर्यादा ६५,५३६ ओळींची होती. त्यापुढील ओळी तक्त्यात आल्या नाहीत. परिणामी २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनंदिन आकड्यांतून राहून गेल्या आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. मूळ फायलींत त्या नोंदी होत्या. तक्त्यात त्या नव्हत्या.

३. गृहीत नियमांचे वाचन

ओळी शाबूत राहिल्या तरी स्तंभांचे स्वरूप ठरवायचे उरते. येथे गृहीत नियमांचे राज्य सुरू होते. मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ०२२ हा अंकांचा बनलेला आहे, म्हणून आज्ञा त्याला संख्या मानते आणि २२ असा लिहिते. हजेरी क्रमांकांच्या स्तंभात एकच चौकट कोरी असली तर पांडाजच्या गृहीत नियमानुसार संपूर्ण स्तंभ दशांश संख्यांचा होतो आणि १०१ क्रमांकाचा विद्यार्थी १०१.० होतो. देवनागरी अंकांची गत आणखी निराळी आहे. पायथन भाषेतील पूर्णांक करणारी मूळ आज्ञा ‘१२’ हे देवनागरी अंक विनातक्रार स्वीकारते. त्याच भाषेतील पांडाजची फाइल वाचणारी आज्ञा मात्र त्यांना मजकूर समजते. एकाच भाषेतील दोन आज्ञा एकाच लेखनाचे दोन अर्थ लावतात.

तारखेच्या बाबतीत दिवस आधी की महिना आधी, हा वाद सर्वांच्या परिचयाचा आहे. पांडाजच्या जुन्या आवृत्त्यांत स्वतंत्र सूचना दिली नाही तर ‘०५/०६/२०१९’ ही तारीख ६ मे अशी वाचली जाई आणि त्याच स्तंभातील ‘१३/०६/२०१९’ ही तारीख १३ जून अशी. कारण तेरावा महिना नसतो. एप्रिल २०२३ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून पहिल्या मूल्यावरून संपूर्ण स्तंभाची पद्धत ठरवण्याचा नियम आला. सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि, तोवर वाचल्या गेलेल्या तक्त्यांतील तारखा कोणी पुन्हा तपासल्या असतील, हा प्रश्न उरतोच.

आपल्या राज्यापुरते सर्वांत बोलके उदाहरण जमिनीच्या नोंदींचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये शेतजमीन अन्य कारणासाठी वापरताना ती अकृषिक करण्याचा विषय सर्वपरिचित आहे. व्यवहारात अशा जमिनीला ‘एनए’ म्हणतात आणि इंग्रजीत ठेवलेल्या याद्यांत तिच्यासमोर ही दोन रोमन अक्षरे लिहिली जातात. पांडाज आणि आर या दोन्ही साधनांच्या गृहीत नियमांत हीच दोन अक्षरे ‘मूल्य गहाळ’ या अर्थाची खूण आहेत. जमिनीच्या प्रकाराचा स्तंभ कोणत्याही सूचनेविना वाचला तर सर्व अकृषिक भूखंड कोरे होतात. नागरीकरणाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला जे शोधायचे आहे नेमके तेच तक्त्यातून पुसले जाते, आणि कोठेही दोषसूचना येत नाही.

वाचनासाठी लागणारे ज्ञान फायलीबाहेर असते, हे आपल्या कार्यालयांतील जुन्या मराठी फायलींवरूनही कळते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या संचांतील फॉन्ट वापरून मराठी मजकूर लिहिला जाई. त्या फायलीत प्रत्यक्षात देवनागरी संकेतांक नसत. विशिष्ट फॉन्ट लावल्यावरच अक्षरे मराठी दिसत. अशी यादी मजकूर-फाइल म्हणून जतन केली की फॉन्ट मागे राहतो आणि तक्त्यात निरर्थक रोमन अक्षरे उतरतात. निदान हा दोष डोळ्यांना दिसतो. ज्या दोषांत तक्ता सुबक दिसतो ते अधिक घातक होत.

४. देवनारचे आकडे आणि त्यांभोवतीची चिन्हे

चेंबूरला लागून असलेल्या देवनारमध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३, १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१ या पाचही फेऱ्यांचे समन्वयन केले. पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतील ६,३६,६९९ कुटुंबे आणि ७,२४,११५ स्त्रिया यांच्याकडून माहिती घेण्यात आली. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, गृहविज्ञान आणि भूगोल या विषयांतील कितीतरी संशोधन या आकड्यांवर उभे आहे.

या सर्वेक्षणाच्या जिल्हा तथ्यपत्रकांत एक विचारपूर्वक रचलेली चिन्हव्यवस्था आहे. एखादी टक्केवारी २५ ते ४९ नोंदींवर आधारलेली असेल तर ती कंसात छापली जाते. नोंदी २५ पेक्षा कमी असतील तर टक्केवारी न देता तारांकन छापले जाते. अतिसार झालेल्या बालकांपैकी किती जणांना जलसंजीवनी मिळाली, अशा निर्देशकांत ही चिन्हे वारंवार आढळतात. कारण सर्वेक्षणापूर्वीच्या दोन आठवड्यांत अतिसार झालेली बालके एका जिल्ह्याच्या नमुन्यात थोडीच असतात. मागील फेरीत प्रश्नच विचारलेला नसेल तर मागील फेरीच्या स्तंभात आकडा उपलब्ध नसतो. म्हणजे ‘ठाम आकडा’, ‘जपून वापरावयाचा आकडा’, ‘देण्याइतका आधार नसलेला आकडा’ आणि ‘न विचारलेला प्रश्न’ अशा चार अवस्था हे पत्रक वेगवेगळ्या दाखवते. आपल्याला किती ठाऊक आहे याची इतकी प्रामाणिक नोंद शासकीय प्रकाशनांत क्वचितच दिसते.

आता हे आकडे सीएसव्ही फायलीत उतरवून घेतले आणि वाचले तर काय होते ते पाहू. फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर ‘(४५.२)’ ही चौकट, ती आंतरराष्ट्रीय अंकांत असल्यास, उणे ४५.२ अशी होते; कारण हिशेबनिसांच्या पद्धतीत कंस म्हणजे ऋण रक्कम. उणे टक्केवारी निदान खटकते तरी. पांडाजमध्ये वाचली तर कंस आणि तारांकन यांच्यामुळे संपूर्ण स्तंभ मजकूर ठरतो आणि सरासरी काढता येत नाही. मग अभ्यासक कंस पुसतो आणि उरलेल्या स्तंभाला ‘जे संख्येत बदलत नसेल ते रिकामे करा’ अशी आज्ञा देतो. कंसातील आकडा ठाम आकड्यांच्या पंक्तीत जाऊन बसतो. तारांकन आणि न विचारलेला प्रश्न या दोन्ही गोष्टी एकाच प्रकारच्या कोऱ्या चौकटी होतात. चार अवस्थांच्या दोन उरतात : आहे आणि नाही.

आर भाषेत २०२० पूर्वी याहून विलक्षण प्रकार घडत असे. तारांकन असलेला स्तंभ गृहीत नियमाने ‘वर्ग’ या प्रकारात वाचला जाई. त्याचे थेट संख्येत रूपांतर केले की मूळ टक्केवारीच्या जागी त्या वर्गाचा अनुक्रमांक येई, तोही निमूटपणे. ‘ध’ चा ‘मा’ होण्याची आख्यायिका आपण इतिहासात ऐकतो. येथे तो रोज होत होता आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे. एप्रिल २०२० मधील चौथ्या आवृत्तीत हा गृहीत नियम बदलण्यात आला.

पुढची पायरी सरासरीची. या ठिकाणी दोन साधनांच्या स्वभावातील भेद लक्षणीय आहे. आर भाषेत स्तंभात एकही कोरी चौकट असेल तर सरासरीचे उत्तरही ‘ठाऊक नाही’ असे येते. ती वगळावयाची असेल तर तसे लिहून द्यावे लागते. पांडाज कोऱ्या चौकटी आपणहून वगळते आणि उत्तर देते. पहिले साधन अभ्यासकाला प्रश्न विचारते, दुसरे त्याची सोय पाहते. जिल्ह्यांची क्रमवारी लावताना ही सोय महागात पडते. तारांकित जिल्हा क्रमवारीतून नाहीसा होतो. कंसातील जिल्हा तीस-चाळीस बालकांच्या आधारावर पहिला किंवा शेवटचा ठरू शकतो आणि त्या क्रमांकावर पुढे लेख लिहिले जातात.

संशोधकांना मिळणाऱ्या या सर्वेक्षणाच्या एकक-स्तरीय फायली डीएचएस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या आराखड्यानुसार रचलेल्या आहेत. त्यांच्या साध्या मजकूर-रूपात विभाजक चिन्हच नसते. कोणता घटक कितव्या स्थानापासून कितव्या स्थानापर्यंत आहे हे सोबतच्या कोशफायलीवरून कळते. मोडीसारखेच हे सलग लेखन आहे. त्यात कोरी जागा म्हणजे ‘प्रश्न लागू नाही’, आठचा संकेत म्हणजे ‘माहीत नाही’ आणि नऊचा संकेत म्हणजे ‘उत्तर मिळाले नाही’. बालकाच्या वयानुसार उंचीच्या मापात दोन दशांश स्थळे अध्याहृत असतात. उणे २०० म्हणजे उणे २.००, तर ९९९८ म्हणजे ‘मोजमाप संशयास्पद’. कोश न पाहता सरासरी काढणाऱ्याच्या तक्त्यात हे बालक अशक्यप्राय उंच ठरेल. कोशाविना ही फाइल वाचताच येत नाही, हा तिचा दोष वाटतो. माझ्या मते तो तिचा गुण आहे. सीएसव्ही फाइल कोशाविनाही वाचता येते आणि म्हणूनच आपण कोश मागत नाही.

५. अनुपस्थित आणि शून्य

या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले ते एका वैयक्तिक चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेच्या गुणांची फाइल वाचण्याचे काम माझ्याकडे होते. गैरहजर विद्यार्थ्यांसमोर गुणांऐवजी दोन अक्षरांची खूण होती. त्या खुणेमुळे स्तंभ संख्यात्मक होईना. मी खुणा रिकाम्या केल्या आणि बेरीज अडू नये म्हणून रिकाम्या जागी शून्य भरले. चाळीसपेक्षा कमी टक्के मिळवणाऱ्यांची यादी आपोआप तयार झाली आणि उपचारात्मक वर्गासाठी सूचनाफलकावर लागली. त्या यादीतील एक विद्यार्थिनी मला भेटावयास आली. परीक्षेच्या दिवशी ती रुग्णालयात होती आणि तसा दाखलाही तिने वेळेवर दिलेला होता. ‘सर, मी पेपर दिलाच नाही, तर नापास कशी झाले?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कार्यालयाच्या फायलीत तिची अनुपस्थिती व्यवस्थित नोंदलेली होती. ती माझ्या तक्त्यात पुसली गेली होती.

शून्य आणि अनुपस्थिती यांतील फरक वर्गाच्या सरासरीतही दिसतो. समजा, ६० विद्यार्थ्यांपैकी ५७ उपस्थित होते आणि त्यांची सरासरी ४० पैकी २४ गुण होती. तीन अनुपस्थितांना शून्य दिले की सरासरी २२.८ होते, त्यांना वगळले की ती २४ राहते. यांपैकी कोणता आकडा योग्य हे आपण कोणता प्रश्न विचारतो यावर अवलंबून आहे. अध्यापन कितपत पोहोचले हे पाहावयाचे असेल तर दुसरा. किती विद्यार्थी परीक्षेपर्यंत पोहोचलेच नाहीत हे पाहावयाचे असेल तर दोन्ही अपुरे, कारण त्यासाठी अनुपस्थिती स्वतंत्रपणे मोजावी लागेल. कोरी चौकट भरण्याचा निर्णय म्हणूनच गणिताआधीचा आहे.

६. पाठ्यपुस्तकातील मांडणी

विद्यार्थी हे सर्व प्रथम कोठे शिकतो? एनसीईआरटीच्या बारावीच्या ‘इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस’ या पुस्तकात पांडाजवर दोन प्रकरणे आहेत. सीएसव्ही फाइल तक्त्यात आणण्याची आज्ञा त्यांत स्पष्टपणे समजावली आहे. विभाजक चिन्ह कसे सांगावे, शीर्षओळ कशी ठरवावी, स्तंभांना नावे कशी द्यावीत, हे सोप्या उदाहरणांनी दाखवले आहे. पुस्तकाची भाषा विद्यार्थ्याला धीर देणारी आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि, उदाहरणाची फाइल मोजक्या विद्यार्थ्यांच्या नीटनेटक्या गुणांची आहे. तिच्यात खूण नाही, कंस नाही, पत्ता नाही. अशी फाइल वाचून शिकलेल्या विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, फायलीत जे आहे तेच तक्त्यात येते.

दुसऱ्या प्रकरणात गहाळ मूल्यांचा विचार आहे. मूल्ये गहाळ असण्याची कारणे भिन्न असतात, हे पुस्तक नमूद करते : कधी सर्वेक्षणात कोणी रकाना भरलेला नसतो, तर कधी तो रकाना त्या व्यक्तीला लागूच नसतो, जसे बेरोजगार व्यक्तीला वेतन. हे निरीक्षण अचूक आहे. मात्र लगेच येणारे उपाय दोनच आहेत : ती नोंद वगळावी किंवा अंदाजे मूल्य भरावे. ज्या भेदाची ओळख नुकतीच करून दिली त्याचा उपायांशी काही संबंध उरत नाही. बेरोजगाराच्या वेतनाचा अंदाज भरणे निरर्थक आहे आणि त्याला वगळणे म्हणजे बेरोजगारीच अभ्यासातून वगळणे आहे. तिसरा मार्ग, म्हणजे कारण नोंदवून चौकट कोरीच ठेवणे, विद्यार्थ्यासमोर ठेवला जावयास हवा. आपल्या महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत आपणही हीच मांडणी पुढे चालवतो, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

७. एक संभाव्य आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल की, येथे सांगितलेला प्रत्येक दोष टाळण्याची सोय या साधनांत आहे. कोणता स्तंभ मजकूर म्हणून वाचावा, कोणत्या खुणा गहाळ समजाव्यात, दिवस आधी आहे की महिना, संख्येतील स्वल्पविराम कसा हाताळावा, हे सर्व आज्ञेला सांगता येते आणि तिच्या दस्तऐवजात ते लिहिलेले आहे. आक्षेप खरा आहे. पांडाजमध्ये २०१९ पासून कोऱ्या चौकटी असलेले पूर्णांकही पूर्णांकच ठेवण्याची सोय झाली आहे. साधनकर्त्यांनी पर्याय दिलेले नाहीत, अशी तक्रार येथे नाही.

परंतु पर्याय असणे आणि तो विचारला जाणे यांत अंतर आहे. गृहीत नियम हे बहुसंख्य वापरकर्त्यांच्या बहुसंख्य फायलींना अनुसरून ठरतात. त्या बहुसंख्येत एनए जमीन, देवनागरी अंक आणि वस्तीतील पत्ता बसत नाहीत. जो समाज गृहीत धरलेला नाही, त्याच्या अभ्यासकाला प्रत्येक आज्ञेजवळ थांबून आपली फाइल समजावून सांगावी लागते. हे श्रम टाळले तर त्याची किंमत अभ्यासक देत नाही. ज्याची ओळ गळाली किंवा ज्याची चौकट कोरी झाली, तो देतो.

८. सूचना व निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही सूचना करता येतात. त्यांतील एकीसाठीही नवीन साधन लागत नाही.

(अ) कोणतीही फाइल प्रथम सर्वच्या सर्व मजकूर म्हणून, एकही खूण गहाळ न मानता, वाचावी आणि तो तक्ता जसाच्या तसा जतन करावा. रूपांतर त्यानंतर, स्तंभागणिक आणि लिहून करावे.

(आ) फायलीतील नोंदींची संख्या आणि तक्त्यातील ओळींची संख्या ताडून पाहावी. वगळलेल्या ओळी वेगळ्या फायलीत ठेवाव्यात आणि त्या कोणाच्या आहेत हे वाचून पाहावे.

(इ) ज्या स्तंभात खुणा आहेत त्याच्या शेजारी ‘स्थिती’ हा स्तंभ ठेवावा : मूल्य उपलब्ध, अल्प नमुना, लागू नाही, उत्तर नाही, अनुपस्थित. संख्येचा स्तंभ कोरा राहिला तरी कारण शाबूत राहते.

(ई) प्रत्येक फायलीसोबत स्तंभांचा अर्थ सांगणारी एक पानी कोशफाइल देण्याची आणि मागण्याची सवय विभागांनी लावून घ्यावी.

(उ) शोधप्रबंध तपासताना मार्गदर्शकाने आणि बहिःस्थ परीक्षकाने एक प्रश्न अवश्य विचारावा : तुमच्या तक्त्यातील कोऱ्या चौकटी कोणकोणत्या कारणांनी कोऱ्या आहेत?

प्राचीन पोथ्यांच्या पाठचिकित्सेत संपादक वाचता न आलेल्या जागी आपल्या मनचा शब्द बसवत नाही. पान फाटले आहे, अक्षर पुसट आहे की लेखकानेच जागा सोडली आहे, याची तो वेगवेगळी नोंद करतो. ही शिस्त आपल्या भाषाविभागांत पिढ्यान्पिढ्या शिकवली गेली आहे. संगणकावरील तक्त्यांना तीच शिस्त लावण्यासाठी मराठीच्या प्राध्यापकांनी आणि संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसावे, एवढेच सुचवावेसे वाटते. देवनारच्या पत्रकातील कंस छापणाऱ्याला आपल्या अज्ञानाची सीमा ठाऊक होती. तो कंस पुसण्यापूर्वी आपण निदान क्षणभर थांबावे आणि पुसलाच तर तसे लिहून ठेवावे.